छोट्या कॉलेजात अर्थशास्त्रात बीए केलं तर पुढे अडतं का?

अडत नाही. हाच प्रश्न माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, मी प्रवेश घेतला त्या दिवशी विचारला होता आणि उत्तरही स्वतःच दिलं होतं: "तिथे काय, मागणी-पुरवठ्याच्या रेघाच ओढशील." म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्गात आम्ही नऊ जण. दुसऱ्या वर्षी मी फिलिप्स वक्रावर बोलायला उभा राहिलो. बेरोजगारी घटली की मजुरी जोरात वाढते वगैरे सांगून फळ्यावर झोकात वक्र काढला. मॅडमनी विचारलं, "हा बसवलाय किती बिंदूंवर?" मी ठोकून दिलं, "1861 ते 1913, म्हणजे 53."

त्यांनी कपाटातून फिलिप्सच्या 1958 च्या मूळ लेखाची झेरॉक्स काढून पुढ्यात टाकली. ठिपके होते वर्षांचे, पण वक्र बसवला होता सहा फुल्यांवर! बेरोजगारीच्या दरानुसार वर्षांचे सहा गट पाडून काढलेल्या सरासऱ्या. शेवटचा गट तर 7 ते 11 टक्के इतका ऐसपैस. त्यातही किमान वर्ग पद्धत (बिंदूंपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी रेघ बसवायची रीत) फक्त चार फुल्यांना, उरलेल्या दोघींजवळून वक्र जावा म्हणून एक स्थिरांक चाचपडत ठरवलेला. पुढचे तीन आठवडे कॉलेज सुटल्यावर मी मॅडमच्या टेबलाशी बसून त्या झेरॉक्सवरचे ठिपके पट्टीने मोजत होतो. एक ठिपका खरा की शाईचा डाग, यावरून आमचं चक्क भांडण झालं.

दादाच्या विद्यापीठात एका वर्गात तीनशे मुलं. वक्र त्यानेही पाठ केला, मार्क माझ्यापेक्षा जास्त मिळवले. सहा फुल्यांचं सांगितलं तर म्हणाला, "परीक्षेत येतं का ते?" नाव मोठं, लक्षण खोटं. तेव्हा कॉलेजचं नाव सोडा, आधी विभागात चक्कर मारा आणि तास नसताना प्राध्यापक जागेवर सापडतात का ते बघा.

हां, गणिताचं राहिलंच. आमच्याकडे इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजायचं शास्त्र, दोन चलांच्या प्रतिगमनावर, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेघ बसवण्यावर, संपलं. एमएच्या पहिल्याच सत्रात तेच मॅट्रिक्समध्ये आलं आणि मी महिनाभर नुसता फळा उतरवून घेत होतो. एमए करायचं असेल तर गणित विभागाकडून रेषीय बीजगणित आणि कलनशास्त्र आत्ताच शिकून घ्या. कॉलेजात गणित विभागच नसेल तर मात्र तिथे प्रवेश घेऊ नका. एवढ्यापुरतं दादाचं बरोबर होतं.