बारवेतलं बुजलेलं भुयार: आधी वरचं पाणी वळवा, मग टिकाव उचला

तुम्ही विचारलंय की गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, शेवटच्या पायऱ्यांपाशी गाळानं बुजलेली कमान दिसली आहे, दहा-बारा पोरं तयार आहेत, तर दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांत भुयार मोकळं होईल का आणि जेसीबी लावावा का. तीन दिवसांत होणार नाही, आणि जेसीबी बारवेच्या काठाजवळसुद्धा आणू नका. पण काम करण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात आम्ही अशीच दगडी वाट उपसली. पहिल्या वर्षी चार महिन्यांचे सगळे रविवार त्यात गेले. जवळजवळ टोकापर्यंत पोचलो, नारळ फोडला. सप्टेंबरच्या परतीच्या पावसात एका रात्रीत कंबरेएवढा गाळ पुन्हा आत. टोकाचा एक कोपरा उपसायचा राहिला होता, तिथली गाळाची उभी कड मी नंतर रंगाच्या ब्रशनं साफ करून बघितली. बोटभर जाडीचे काळे थर, दोन थरांच्या मध्ये बारीक वाळूची रेघ, वर गुटख्याच्या पुड्या, त्याखाली कौलांचे तुकडे. एकेक थर म्हणजे एकेक मोठा पाऊस. ते भुयार कुणी मुद्दाम बुजवलंच नव्हतं. वरच्या शेताचा बांध फुटलेला होता आणि तिकडचं सगळं पाणी माती घेऊन बारवेत उतरत होतं. मग आधी बांध घातला, काठाभोवती चर काढला, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा आत शिरलो. आता दरवर्षी मृगाच्या आधी तो चर साफ करतो. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं, पण भुयार उघडं राहिलंय ते त्या चरामुळे.

म्हणून तुमचं पहिलं काम खोदायचं नाहीच. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन काठावर उभं राहा आणि पाणी कुठून येतं ते बघा.

भुयार थेट नळदुर्गाला निघतं, असं तुमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात म्हणे. आपल्याकडे प्रत्येक गावात असं सांगतात. आपली सगळी जमीन काळ्या पाषाणाची आहे, आणि तो चुनखडीसारखा विरघळत नाही. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून मेघालयात क्रेम लियात प्रासारखी ३० किलोमीटरहून लांब गुहा तयार होते. इंग्लंडमधल्या मेंडिप टेकड्यांतही चुनखडी आहे. तिथले हौशी लोक कामावरून सुटल्यावर संध्याकाळी जाऊन एकेका फटीतला गाळ वर्षानुवर्षं उपसतात, कारण पलीकडे मोठी गुहा लागण्याची खरी शक्यता असते. आपल्या पाषाणात तशी नाही. तुमच्याकडे असेल ती माणसानं बांधलेली वाट, बहुतेक एखाद्या ओवरीकडे, म्हणजे बांधलेल्या खोलीवजा जागेकडे जाणारी. मला विचाराल तर तीही पुरेशी मोलाची आहे.

आता हिशेब बघा. वाट एक मीटर रुंद, दीड मीटर उंच आणि दहा मीटर लांब धरली तरी गाळ १५ घनमीटर होतो. ओला गाळ म्हणजे साधारण २६ टन. घमेल्यात १५ किलो बसतं, म्हणजे सतराशेच्या वर घमेली, तीही वाकून, आणि मग पायऱ्यांवरून वर. आत दोघंच मावतात, बाकीच्यांनी हातोहात साखळी करायची. गाळ काठापासून लांब टाका. काठावर ढीग केलात तर त्याचं वजन भिंतीवर येतं आणि पहिल्या पावसात तोच गाळ परत आत जातो. लांबच्या ढिगाऱ्यातून उचलायला जेसीबी खुशाल वापरा.

गाळ काढताना सगळ्यात जपायची ती सरकलेल्या दगडाखालची जागा. कमानीचा दगड खाली आलेला असेल तर तिथला गाळ हाच त्याचा खांब असतो. आधी टेकू, मग गाळ. आम्ही निलगिरीच्या बल्ल्या आणि सेंट्रिंगच्या फळ्या वापरल्या. पाचर हलक्या हातानं बसवायची, ठोकून ठोकून बसवली तर दगड वर उचलला जातो आणि सगळी कमान ढिली होते. शेवटच्या टेकूच्या पुढे कुणाचंही डोकं जाऊ द्यायचं नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

हवेबद्दल मात्र हात जोडून सांगतो. विहिरीत एक पडला आणि त्याला काढायला उतरलेले दोघंही गेले, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. हवा बघायला खाली सोडलेली मेणबत्ती विझते ती १६-१७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तोवर माणूस धोक्यात आलेला असतो. कार्बन डायऑक्साइड जड असतो, तळाला साचतो. कुजका गाळ हलवला की सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. हा वायू वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. गॅस मीटर भाड्यानं आणा आणि काम चालू असताना सतत चालू ठेवा. ब्लोअरनं ताजी हवा आत सोडा. जनरेटर किंवा डिझेल पंप कधीही खाली उतरवू नका, त्याचा धूर बारवेत कोंडतो आणि जीव घेतो. कुणी आत कोसळलं तर दोरानं वर ओढायचं, मागोमाग उतरायचं नाही. म्हणून आत जाणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर सुरुवातीपासूनच हवा.

दिवाळीत काळी माती अजून ओली, फुगलेली असते. एप्रिल-मे मध्ये ती आक्रसून भेगाळते आणि भिंतीचे दगड मोकळे होतात, शिवाय थंड जड हवा खाली अडकून बसते. सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा संपली की सुरू करा, होळीच्या आसपास थांबा. थंडीत रात्री बाहेरची गार हवा आपोआप खाली उतरते, तेवढीच मदत.

परवानगीचं आधी बघा. बारव संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय घमेलंही उचलू नका. यादीत नसेल तरी ग्रामपंचायतीचा ठराव आणि जमीनमालकाची संमती घ्या. गाळात नाणी किंवा दागिने मिळाले तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कोरीव दगड मिळाला तर धुऊ नका, तो कुठे आणि किती खोलीवर होता ते लिहून ठेवा. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख सापडला. अशा जिल्ह्यात कुठला दगड बोलका निघेल हे आधीच ठरवू नये.

आत्ता एवढंच करा: कमानीचा समोरून एक फोटो काढा, शेजारी फूटपट्टी उभी धरून, आणि एक फोटो वरून, ज्यात शेताचा उतार दिसेल. दोन्ही इथे टाका. दगड कुठे सरकलेत ते बघून पहिला टेकू कुठे लावायचा ते सांगतो.