अलास्काचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६१, खासगी कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त. पत्नीला शिक्षिकेची पेन्शन महिना २८ हजार, घरखर्च ५० हजार. मुलगा सिअ‍ॅटलला, व्हिसा दोघांकडे आहेत. पुढच्या जुलैत अलास्काला जाऊन ब्रूक्स फॉल्सची अस्वलं बघायची आणि तिथल्या किनई नदीवर साल्मन मासे धरायचे, असा बेत आहे. टूरवाल्याचं कोटेशन दोघांचं १० लाख. प्रश्न एवढाच, की एफडी मोडू की म्युच्युअल फंड विकू?

दोन्ही नको. एप्रिलमध्ये तुमची १२ लाखांची एफडी पिकतेय, ती वापरा.

आता पत्रातली जी ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, तिच्याकडे वळतो. ‘पुढच्या सहलींची सोय बँकेतल्या मॅडमनी लावून दिली आहे.’ सोय म्हणजे एक विमा पॉलिसी : वर्षाला ६ लाख, सात वर्षं भरायचे. नवव्या वर्षापासून १५ वर्षं दरसाल २ लाख ७० हजार ‘हमीचे’, आणि शेवटच्या हप्त्याबरोबर भरलेले ४२ लाख परत. करमुक्त, असंही त्या म्हणाल्या. पहिला हप्ता गेलेला आहे.

शेवटचा पैसा हातात येईल तेव्हा तुम्ही ८३ वर्षांचे असाल. सगळं धरून परतावा पडतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. एवढं तर तुमच्या कुठल्याही एफडीत बसल्या जागी मिळतं. आणि करमुक्त? १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की ती सवलतच राहत नाही. तुमचा ६ लाख आहे. मॅडमना हे ठाऊक नसेल तर त्यांनी विकायला नको होतं, आणि ठाऊक असेल तर बोलायलाच नको.

पण खरा घोळ परताव्याचा नाहीच. तुमच्याकडे आज ५८ लाख आहेत. उरलेले सहा हप्ते ३६ लाख, सहल १० लाख. राहिले १२. पेन्शन वजा जाता घरात वर्षाला २ लाख ६४ हजार कमी पडतात, आणि पॉलिसीचा पहिला रुपया आठ वर्षांनी येणार. व्याज धरून मोजलं तरी ६९व्या वर्षी हाताशी सहा लाख उरतात. यात भाववाढ धरलेली नाही, आणि गुडघ्याचं ऑपरेशनही नाही.

पॉलिसीचे कागद हातात येऊन आज २१ दिवस झाले. ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच मेलने धाडलंय. बँकेतल्या मॅडमकडे जाऊ नका. त्या चहा मागवतील, ‘काका, मी बघते’ म्हणतील आणि नऊ दिवस निघून जातील. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या, वर ईमेलही करा.

ते ६ लाख आले की ६४ झाले. त्यातले ३० लाख सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका. हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे, म्हणजे वर्षाला सुमारे अडीच लाख, तेही पहिल्या तिमाहीपासून. घरखर्चाची तूट इथेच जवळपास भरते. उरलेल्या ३४ मधून अलास्का आरामात होतं.

त्या कोटेशनबद्दलही दोन शब्द. ‘अस्वलांची हमी’ तुमच्या पत्रातल्या दोन हम्यांपैकी जास्त खरी! जुलैत सॉकाय साल्मन धबधब्यावर उड्या मारतात तेव्हा ब्रूक्सला अस्वलं असतातच. ऑगस्टमध्ये बरीचशी निघून जातात, तेव्हा तारखा पुढे ढकलू नका. मात्र ‘ब्रूक्स लॉजमध्ये तीन रात्री’ हे विसरा. तिथल्या खोल्या वर्षभराहून आधी लॉटरीने दिल्या जातात. तुमचा नंबर लागल्याचा कागद टूरवाल्याने दाखवला आहे का? तिथे रस्ता जात नाही, पाण्यावर उतरणारं छोटं विमान नाहीतर बोटच घ्यावी लागते. एका दिवसात जाऊन येता येतं, माणशी हजार डॉलरच्या पुढे. धबधब्याच्या मचाणावर एका वेळी ४० माणसं, गर्दी असली की तासाभराने खाली उतरवतात. धुकं असेल तर विमान उडतच नाही, म्हणून पुढचा एक दिवस मोकळा ठेवा. आणि मधुमेह असल्याची नोंद करून घेणारा, आजारी पडल्यास आडजागेहून हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्या, मग तो महाग पडला तरी.

‘मासे गोठवून मुलाकडे नेले की थोडा खर्च वसूल होईल’ असं तुम्ही लिहिलंय. हौसेने धरलेला मासा अलास्कात विकता येत नाही. साफ करून गोठवणं, खोकं, विमानाचं सामान, हे सगळं जमेला धरलं तर सिअ‍ॅटलच्या बाजारातला साल्मन स्वस्त पडेल. धरा आणि तिथेच तव्यावर टाकून खा. बाहेरच्या माणसाला सात दिवसांचा परवाना ४५ डॉलरला मिळतो, तो टूरवाल्याने चौपट लावलाय.

मुलाने स्वतः बुकिंग केलं तर आठ-साडेआठ लाखांत होईल. टूरवाल्याकडूनच घ्यायचं असेल तर ‘किंग साल्मन फिशिंग’चे ३५ हजार आधी खोडायला लावा. मासे घटल्यामुळे अलीकडच्या वर्षांत किनईवर किंग धरायला बंदी होती, आणि कोटेशनमध्ये ती ओळ तशीच चालू आहे.