पिशवी कधी काढली, ते आधी विचार

अगं, मेसेज वाचला तुझा, आणि २० ऑक्टोबरच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिनाचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्यावरचं, ते पोस्टर पण बघितलं. दुधाचा ग्लास, कोवळं ऊन, रोज अर्धा तास चाला. छान आहे, पुण्यात लाव. तुझ्याकडे येणारी बाई दिवसभर उन्हात ऊस तोडते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढते, तिला तू ऊन घे आणि चाल म्हणून सांगणार? ती हसली तर मग वाईट कशाला वाटून घेतेस.

गोंधळ कळतोय मला. पस्तिशीतल्या बाया कंबर धरून येतात आणि पुस्तक म्हणतं हाडं ठिसूळ होतात ती पाळी गेल्यावर, पन्नाशीच्या आसपास. म्हणून तर सांगते, वय नंतर लिही, आधी गर्भाची पिशवी काढली का, कधी काढली ते विचार. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांवरून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, पेपरात आलं, ओरड झाली, पण त्या बायांच्या हाडांचं पुढं काय ते कोण विचारतंय? दोन्ही अंडाशयं पण काढली असतील तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन एकदम तुटतं आणि हाड भराभर झिजायला लागतं, मग बाई तिशीची का असेना. अंडाशयं ठेवली तरी काहींची लवकर थकतात.

ती म्हणेल, सगळं काढलं. तेवढ्यावर सोडू नको, कागद माग. रेशनकार्डाच्या कॅरीबॅगेत डिस्चार्ज कार्ड असतं, नेमकं घडीवरचं अक्षर उडालेलं, तरी डोळे ताणून वाच. नाहीच कळलं तर सोनोग्राफीला पाठव. दोन्ही गेली असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी दे, हार्मोन द्यायचं का, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायची का ते त्या ठरवतील, तू नाही.

आणि प्रत्येक कंबरदुखी हाडाचीच असं पण धरू नको हं. हाड नुसतं ठिसूळ झालं म्हणून दुखत नाही, मोडल्यावर दुखतं, आणि मणका दबलेला तर कित्येकदा कळत पण नाही. भिंतीला उभी करून उंची मोज, कार्डावर लिही, पुढे २ सेंटिमीटर किंवा जास्त घटली तर एक्स-रे.

पोस्टरवर नाचणी लिहिलीयेस, तिकडे कोण खातं गं? त्यांची बाजरी, आणि बाजरीत कॅल्शियम फारसं नाही. तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला सांग, तिळात १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅमच्या वर असतं, चमचाभर रोज पोटात गेला तरी चांगलं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत दूध विकत घ्या म्हणणं मला तरी जमलं नाही कधी.

मी केसपेपरच्या कोपऱ्यात पेनानं लिहायचे, पिशवी कधी. साहेब चिडायचे, सिस्टर तुमचं काम करा म्हणायचे. अहो हेच माझं काम होतं! हट्टी म्हणाले, म्हणू देत. खंत एवढीच की छापील रकाना काही मिळाला नाही, माझी बदली झाली आणि प्रश्न पण माझ्याबरोबर गेला. तू रजिस्टरात रकानाच आख, पट्टी घेऊन, म्हणजे तुझ्यानंतर येणारीला तो भरावाच लागेल.

आणि कार्यक्रम २० ऑक्टोबरला नको. दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात, तू कुणाला सांगणार, कुलपांना? पोळा झाला की लगेच घे. वरून कुणी तारखेवरून बोललं तर खुशाल माझं नाव सांग, मी रिटायर झालेय, माझी कुठं बदली करणारेत.