इजिप्तची धून, टेलिग्रामचा कोरस आणि गावची हलगी

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातला मुलगा, वय तेवीस, सध्या पुण्यात रूमवर राहतो आणि रॅप करतो. बहीण पीएसआय झाली त्या आनंदात त्याने एक जल्लोषाचं गाणं केलं. बीटमध्ये, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीतात, तीन गोष्टी बाहेरच्या आहेत: १९६२ च्या एका इजिप्शियन फिल्मी गाण्यातला व्हायोलिनचा सात सेकंदांचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा), टेलिग्रामवर फुकट मिळालेल्या तयार आवाजांच्या पॅकमधला आफ्रिकन बायकांचा चार सेकंदांचा कोरस, आणि गावच्या यात्रेत स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड केलेली हलगी. मिरवणुकीचं रील जोरात चाललं, आता एका लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला, गाणं हवंय आणि त्यांनी चौदा पानी करार पाठवलाय. तो विचारतो, "ताई, पाच सेकंदांच्या आत सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा, चालतं ना? मग लूप थोडा कापू का? आणि यात जेल वगैरे होते का?"

तू ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. आणि आधी बहिणीचं अभिनंदन.

पाच सेकंदांचा नियम कुठेच नाहीये. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच, सेकंद मोजायचं कलम सापडलं तर मला कळव. कोणी म्हणतं पाच, कोणी सात, कोणी तीस, हे सगळं कट्ट्यावरचं ज्ञान. जर्मनीत दोन सेकंदांच्या तालावरून केस झाली, क्राफ्टवेर्क या बँडच्या १९७७ च्या रेकॉर्डमधला तुकडा एका हिप हॉप निर्मात्याने १९९७ मध्ये वापरला होता, ती केस वीस वर्षं चालली आणि २०१९ ला युरोपच्या कोर्टाने सांगितलं की तुकडा कितीही छोटा असो, कानाला ओळखू येत असेल तर परवानगी लागणार. आपल्याकडे दिल्ली हायकोर्टाने २०१२ मध्ये एका टीव्ही चॅनलच्या केसमध्ये म्हटलं होतं की अगदीच किरकोळ वापर असेल तर कोर्टाने त्यात पडू नये, पण तिथे टॉक शोमध्ये गायिकेने गाण्याच्या थोड्या ओळी गुणगुणल्या होत्या. तुझा लूप तर पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फिरतोय, तो काढला तर गाण्यात तुझा आवाज आणि ड्रमची किक एवढंच उरतं. त्याला किरकोळ कोण म्हणेल? त्यामुळे सातचे साडेचार सेकंद करून काही हाती लागणार नाही, उलट ताल तेवढा बिघडेल.

आता नीट लक्ष दे, कारण सगळा घोळ इथेच होतो. एका जुन्या गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे धून, ती संगीतकाराची किंवा त्याने जिला विकली त्या कंपनीची. दुसरी म्हणजे ती धून वाजवून केलेली रेकॉर्ड, जिला तुम्ही लोक मास्टर म्हणता. तू लूप उचललास म्हणजे दोन्ही उचललंस. आपल्याकडे रेकॉर्डचा हक्क ती बाजारात आल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६२ ची रेकॉर्ड २०२२ च्या शेवटी इथे मोकळी झाली. तू हेच कुठेतरी वाचलं असणार आणि खूश झाला असणार. पण धुनेचा हक्क संगीतकार वारल्यावर पुढे ६० वर्षं असतो. १९६२ मध्ये चाल लावणारा माणूस त्यानंतर बरीच वर्षं जगला असेल तर ती चाल अजून मोकळी नाही. त्यात तुझं गाणं स्ट्रीमिंगवर जाणार म्हणजे अमेरिकेतही ऐकलं जाणार, आणि तिकडे त्या काळातल्या रेकॉर्डना अजून कित्येक वर्षं संरक्षण आहे. आणि ते १९६२ तरी कुठून आलं, व्हिडिओच्या नावात लिहिलंय म्हणून? गाणं १९६२ चं आणि तू घेतलेली रेकॉर्ड त्याच गायकाने पंधरा वर्षांनी स्टेजवर पुन्हा गायलेली, असं सर्रास असतं.

इजिप्तवरून आठवलंच. अमेरिकन रॅपर जे-झीचं १९९९ च्या अल्बममधलं बिग पिंपिन' तुला माहितीच असेल, तेही मौजमजेचंच गाणं. त्यातली बासरीची धून बालिग हमदी या इजिप्शियन संगीतकाराची, १९५७ च्या एका फिल्ममधली, अब्देल हलीम हाफिझने गायलेली. टिम्बालँड या निर्मात्याने बीट केली तेव्हा त्याला वाटलं हे सगळ्यांसाठी खुलं आहे, म्हणजे अगदी तुला वाटलं तसंच. मग हक्क सांगणाऱ्या कंपनीचा माणूस दारात आला आणि २००१ मध्ये त्याने १ लाख डॉलर मोजले. झालं का मिटून? कुठलं. २००७ मध्ये हमदींच्या पुतण्याने केस टाकली की पैसे तुम्ही दिलेत खरे, पण धून कापून तिच्यावर असले अश्लील शब्द चढवायची परवानगी कोणी दिली. केस २०१८ पर्यंत चालली. जे-झीचा पक्ष जिंकला, पण कारण बघ: पुतण्याने आर्थिक हक्क आधीच दुसऱ्याला विकून टाकले होते, आणि उरलेला नैतिक हक्क अमेरिकेच्या कोर्टात चालवता येत नव्हता.

तो नैतिक हक्क आपल्याकडे मात्र चालतो. कलम ५७. संगीतकाराने हक्क विकलेले असले तरी त्याचं नाव लावणं आणि त्याची कृती विद्रूप करून त्याच्या लौकिकाला धक्का न लावणं, हे त्याचं त्याच्याकडेच राहतं, त्याच्यामागे वारसही बोलू शकतात. तुझ्या दुसऱ्या कडव्यात आईबहिणीवरून दोन शिव्या आहेत (बहीण पीएसआय झाली त्या गाण्यात हे कसं सुचलं देवाला माहीत), तेव्हा हे कलम लक्षात ठेव.

उलट बाजूने आपणही यातून गेलोय. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या ॲडिक्टिव्ह या गाण्यात लतादीदींचा आवाज असलेलं थोडा रेशम लगता है जसंच्या तसं वाजत होतं, ज्योती या १९८१ च्या फिल्ममधलं, संगीत बप्पी लाहिरींचं. नाव कुठेच नाही. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी सांगितलं की बप्पीदांचं नाव लागल्याशिवाय सीडी विकायची नाही. त्यावेळी आपल्याकडे सगळे म्हणत होते, बघा अमेरिकन लोक आपलं चोरतात. आता कैरोच्या एखाद्या म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याच्या घरी तुझं रील पोचलं तर ते काय म्हणतील?

मग लूपचं करायचं काय. सरळ परवानगी घ्यायची तर धून कोणाची आणि मास्टर कोणाचा हे आधी शोधावं लागेल, दोघांना वेगळं लिहावं लागेल, ते उत्तर कधी देतील सांगता येत नाही आणि मागतील तो आकडा तुझ्या रूमच्या डिपॉझिटपेक्षा मोठा असणार. लेबल पैसेवालं आणि हौशी असेल तर हे काम त्यांच्या गळ्यात घाल. दुसरा रस्ता, पुण्यात व्हायोलिनवाले ढिगाने आहेत, एकाला बसवून तीच ओळ नव्याने वाजवून घे. मग मास्टरचा प्रश्न संपतो, पण धुनेचा राहतोच, हे विसरू नकोस. बरेच जण इथे फसतात, म्हणतात "आम्ही तर स्वतः वाजवलंय". तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो. तुला त्या लूपमध्ये आवडलं ते काय, तो अरबी स्वर. त्यांच्याकडे मकाम असतात, आपल्या रागासारखे समज. मकाम कोणाच्या बापाचा नाही, राग नाही तसाच. त्याच मकाममध्ये स्वतःची सात सेकंदांची ओळ बांध, म्हणजे ती धून पण तुझी आणि मास्टर पण तुझा. फक्त मूळ लूप कानात वाजत असताना बांधू नकोस, नकळत तीच उतरते.

टेलिग्रामचा कोरस काढून टाक. यावर जास्त लिहीत नाही. कोणीतरी झिप फाईल टाकली म्हणजे लायसन्स मिळालं असं होत नाही, त्या बायका कोण, कुठल्या, कोणी रेकॉर्ड केलं, काहीच तुला माहीत नाही आणि शोधायलाही सुरुवात कुठून करणार? विकत घेतलेल्या पॅकमधला आवाज वापर, बिल आणि त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट दोन्ही ठेव. आणि "लोकसंगीत आहे, त्याला कुठे कॉपीराइट" असं म्हणू नकोस, चाल पारंपरिक असली तरी गळा कोणाचा तरी असतो. तैवानच्या आमिस जमातीतल्या एका वृद्ध जोडप्याचं पारंपरिक गाणं एनिग्मा या बँडच्या गाण्यात जगभर वाजलं, अटलांटा ऑलिम्पिकच्या जाहिरातीत वाजलं, आणि गाणाऱ्यांना पत्ताच नव्हता. शेवटी त्यांनी केस केली आणि १९९९ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली.

आता हलगी. तू चार पानी मेलमध्ये इजिप्तवर अडीच पानं लिहिलीस आणि हलगीवर एक ओळ: "ती तर आपल्याच गावची आहे, त्याचा प्रॉब्लेम नाही." तर माझ्या मते तुझा खरा प्रॉब्लेम तिथेच आहे. तू पाठवलेली फाईल मी हेडफोन लावून ऐकली. एक्केचाळिसाव्या सेकंदाला बीट पूर्ण थांबते, हलगी एकटी उठते, मागून कोणीतरी ओरडतं "आरं वाजीव की!" आणि मग सगळं कोसळतं. रीलवर लोक नाचतायत ते त्या जागेवर, व्हायोलिनवर नाही.

कायद्यात वादकाला परफॉर्मर म्हणतात. त्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक तर आहेतच, जादूगार आणि गारुडी सुद्धा आहेत, त्यामुळे यात्रेतला हलगीवाला त्यात बसतो का हा प्रश्नच नाही. कलम ३८-अ प्रमाणे त्याचं वादन रेकॉर्ड करायचा, त्याच्या प्रती काढायचा, लोकांपर्यंत पोचवायचा हक्क त्याचा, आणि तो ५० वर्षं टिकतो. कलम ३९ मध्ये सूट आहे की स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड केलं तर हरकत नाही. म्हणजे फोनवर घेतलंस, रूमवर ऐकत बसलास, काही चूक नाही. गाण्यात घातलंस आणि आता विकायला निघालास, तिथे सूट संपली. फोन तुझा, रेकॉर्डिंग तू केलंस म्हणून त्या रेकॉर्डिंगचा मालक तू असशील, पण वाजवणाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा, तो तुझ्याकडे आपोआप येत नाही. ताल परंपरेचा आहे हे खरं, त्यावर कोणी दावा सांगणार नाही. त्या रात्री त्या हातांनी जे वाजलं ते मात्र त्यांचं.

यात चांगली गोष्ट अशी की इजिप्तसारखा पत्ता शोधत बसायचं नाही, एसटीने अडीच-तीन तासात गावी पोचशील. किती जण वाजवत होते ते विचार, प्रत्येकाला गाणं ऐकव, शिव्यांसकट ऐकव, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. ओरडणाऱ्या माणसालाही विचार. मग एक पानी मराठीत करार, पाचशेच्या स्टॅम्पवर, त्यात गाण्याचं नाव, आत्ता किती पैसे, पुढे लेबलकडून आले तर त्यातला किती हिस्सा, आणि नाव कसं लावायचं. "हलगी: ग्रामस्थ" असलं काही नको, प्रत्येकाचं पूर्ण नाव, कारण नाव लागण्याचा हक्क पण त्यांना कलम ३८-ब ने दिलाय. मागच्या तारखा घालायच्या भानगडीत पडू नकोस, आजची तारीख टाक आणि आधी रील टाकलंय हेही त्यात लिहून टाक.

लेबलच्या करारातलं नववं पान पुन्हा काढ. त्यात तू हमी देतोयस की गाण्यातला प्रत्येक आवाज तुझा स्वतःचा किंवा रीतसर परवानगीचा आहे, आणि खाली लिहिलंय की कोणी दावा केला तर लेबलचं सगळं नुकसान, वकिलाच्या फीसकट, तू भरून देणार. मर्यादा नाही. ॲडव्हान्स पंचवीस हजार आणि जबाबदारी अमर्याद, हा कुठला व्यवहार? आजच्या फाईलवर ही सही करू नकोस, कारण ती हमी सही करतानाच खोटी आहे आणि ते तुला माहितीये. गाणं दुरुस्त झाल्यावर करारासोबत एक यादी जोड, कुठला आवाज कुठून आला, आणि भरपाईला मर्यादा घालून घे, तुला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपर्यंतच. नाही म्हणाले तर त्यांना गाणं हवंय की बळीचा बकरा हे तुला कळेल. "सर्व हक्क कायमचे" या ओळीला घाबरू नकोस, पण गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टीतला तुझा हिस्सा तुला लिहून देताच येत नाही, २०१२ च्या दुरुस्तीने ते थांबवलंय, एवढं त्यांना नम्रपणे सांग.

जेलचं विचारलंस. कागदावर आहे: कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक प्रकरणांत आधी टेकडाऊन (गाणं उतरवायची मागणी) किंवा नोटीसच आलेली असते, त्यामुळे रात्रीची झोप घालवू नकोस. पण ते कलम जाणूनबुजून करणाऱ्याला लागतं, आणि हे वाचल्यानंतर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय राहिली नाही. तेव्हा आत्ताचं रील उतरव, दुरुस्त आवृत्तीचं नवीन टाक. मूळ प्रोजेक्ट फाईल आणि यात्रेचं कच्चं रेकॉर्डिंग मात्र डिलीट करू नकोस, उद्या कोणी विचारलं तर काय कुठून आलं हे दाखवायला तेच लागेल.

लेबलला दोन ओळींचा मेल टाक की गाण्यात बदल चालू आहेत, महिनाभर द्या. आणि गावी जाताना कराराच्या दोन प्रती ने, एक हलगीवाल्यांकडे राहू दे.