पॅरलल रेझिस्टर: आधी एवढंच पक्कं कर

अरे घाबरू नकोस, रेझिस्टर पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची टोकं एकमेकांना जोडून, लावले की एकूण रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) काढताना सुरुवातीला सगळेच अडतात. एक गोष्ट डोक्यात बसव, उत्तर कायम सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षा कमीच यायला हवं, कारण करंटला जायला आणखी एक वाट मिळते ना. तुझं २२० आणि ३३० ओहमचं उत्तर ५५० आलंय म्हणजे तू सिरीजसारखी (एकामागे एक जोडल्यासारखी) सरळ बेरीज मारलीस. दोनच असतील तर गुणाकार भागिले बेरीज, ७२,६०० भागिले ५५०, आले १३२ ओहम.

हमखास होणाऱ्या चुका:
- तिघांना हेच सूत्र एकदम लावणं. आधी दोघांचं काढ, मग ते उत्तर आणि तिसरा.
- प्रत्येकाचं एक भागिले आर (आर म्हणजे रेझिस्टन्स) अशी बेरीज करून शेवटी उलटं करायला विसरणं. ०.००७६ असं काही दिसलं की समज, उलटं करायचं राहिलंय.
- १ के आणि ४७० तसेच घेणं. १ के म्हणजे १००० लिही.

मग ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट जोडायची भोकांची पाटी) लावून, सप्लाय काढून मल्टीमीटरने मोजच, फक्त दोन्ही टोकं बोटांनी धरू नकोस, नाहीतर तुझं अंगही पॅरललमध्ये येतं. रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, त्यामुळे १२६ ते १३८ मध्ये काहीही आलं तरी तुझं गणित बरोबर आहे. वॅटेजचं, म्हणजे रेझिस्टर किती पॉवर सहन करतो ते, नंतर बघू.