आण्णांचं मशीन कुठे आहे?

पत्र इचलकरंजीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘मावशी, मी ४४ वर्षांची. सासरे, आण्णा, ७७ वर्षांचे. चाळीस वर्षं मागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-जुळणी बघणारे, होते. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते बदललेच. दिवसभर खोलीत. टीव्ही एवढा मोठा की दहावीतल्या माझ्या मुलीला अभ्यास करता येत नाही. सांगावं एक तर करतात भलतंच. परवा जेवायला हाक मारली, “आण्णा, ताट घ्या” म्हटलं, तर देवघरातला पाट उचलून आणला. आम्ही दोघं बोलत बसलो की म्हणतात, माझ्याविषयीच चाललंय, घर विकायचं ठरवताय. हे म्हणतात, वय झालं, मनावर घेऊ नको. गेल्या महिन्यात ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, चित्रं काढायला लावली. ३० पैकी १७ गुण आले. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात असावी म्हणाले, न्यूरोलॉजिस्टसाठी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांसाठी, चिठ्ठी दिली. (दोन वर्षांपूर्वी कानाचं मशीनही घेतलं होतं, पण शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनीच काढलं, कपाटात डब्यात आहे.) परवा जेवताना मुलगी कशावरून तरी हसली, तर “काय झालं, काय झालं” सुरू. आम्ही म्हटलं, काही नाही, जेवा तुम्ही. ताट सारून उठले. दीर बंगळूरला असतात, न्यायला तयार आहेत. मी थकले आहे. त्यांना पाठवलं तर मी वाईट सून ठरेन का?’

अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आज देत नाही. तू कंसात टाकलेलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं आणि माझा जीव तिथेच अडकला.

मला आधी सांग, डॉक्टरांकडे नेलंत त्या दिवशी ते मशीन कुठे होतं? कपाटात. म्हणजे ज्या माणसाला समोरचं बोलणं धड कळत नाही, त्याला पाच शब्द तोंडी सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले आणि सांगता आले नाहीत म्हणून गुण कापले. कानात शिरलंच नाही ते माणूस विसरणार कसं? चष्मा काढून ठेवून कोणाला वाचायला लावलं असतंत आणि मग म्हणाला असतात का, की यांना अक्षरओळख राहिली नाही?

तुला राग येईल, येऊ दे. तू घरात सगळ्यात जास्त करतेस हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण त्या डब्याला दोन वर्षं कोणी हात लावलेला नाही, त्यात तूही आलीस.

ताट आणि पाट घे. म्हातारपणी आणि मागाच्या आवाजाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर जाडजूड असतात, ते पोचतात. त, प, ख, स, श, च ही व्यंजनं मात्र उंच पट्टीतल्या एका झटक्याने ओळखू येतात, तो झटका आण्णांपर्यंत येतच नाही. त्यांना ‘आट घ्या’ एवढंच ऐकू येतं. पुढचं ते अंदाजाने भरतात. ताट, पाट, खाट, त्यांच्यासाठी सगळं एकच. त्या दिवशी त्यांनी डोकं चालवून जेवणाशी जुळणारा शब्द शोधला आणि पाट आणला. तुला त्यात वेडेपणा दिसला. मला त्यात शाबूत डोक्याचा माणूस दिसतो.

आवाज मोठा करून हे भागत नाही, म्हणून टीव्ही वाढत जातो आणि तरी त्यांचं समाधान होत नाही. मोठ्याने बोललं की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजन तिथेच हरवलेलं राहतं. त्यात अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही, मधली जागा फार अरुंद उरते. ‘जरा मोठ्याने बोल’ आणि लगेच ‘ओरडतेस कशाला’ हे दोन्ही ते म्हणत असतील. दोन्ही खरं असतं.

आता तू म्हणशील, कानाचं नि डोक्याचं काय घेऊन बसलात. बाल्टिमोरमध्ये ६३९ माणसांवर सुमारे १२ वर्षं लक्ष ठेवून २०११ साली कानाचे डॉक्टर फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ज्यांना सुरुवातीला थोडं कमी ऐकू येत होतं, त्यांच्यात डिमेन्शियाचा धोका दुप्पट दिसला, मध्यम बहिरेपणात तिप्पट, तीव्र असेल तर पाचपट. त्यामुळेच होतो असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण दिवसभर अर्धवट शब्द जुळवण्यात मेंदू खर्ची पडला तर लक्षात ठेवायला काय उरणार, आणि माणसांत बसणंच सुटलं तर मेंदूला खाद्य कुठून मिळणार, हे समजायला आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता किंवा हाताळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. मध्यम वयातला बहिरेपणा त्या यादीत सगळ्यात मोठ्या दोन कारणांपैकी एक आहे.

मग मशीनने फरक पडतो का? अमेरिकेत चार ठिकाणी, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर स्मरण आणि विचारशक्तीत फरक दिसला नाही. हे मी लपवणार नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मशीन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. त्याच चाचणीतून पुढे आलेली आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. तीन वर्षांच्या शेवटी मशीनवाल्यांच्या गोतावळ्यात इतरांपेक्षा सरासरी एक माणूस जास्त टिकून होतं. सासूबाई गेल्यानंतर आण्णांकडे किती माणसं उरली आहेत ते मोजून बघ आणि मग सांग मला, एक म्हणजे थोडं का.

या चाचणीत लोकांच्या हातात मशीन ठेवून कोणी मोकळं झालं नव्हतं. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने, बसवून दिलं, वापरायला शिकवलं, पुन्हा पुन्हा बोलावून बघितलं. आपल्याकडे सगळं घोडं इथेच अडतं. माझ्या आईला मी एका दुकानात नेलं होतं. दहा मिनिटांत मशीन, पावती, बाहेर. कुकरची शिट्टी, ताटवाट्या, रिक्षा, सगळं तिच्या डोक्यात घण घातल्यासारखं शिरायला लागलं. तिने चार दिवसांत काढलं आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. मी म्हटलं, पैसे गेले, तुला सवयच करून घ्यायची नाही. तिलाच बोलले मी. पुढे दोन वर्षं आमच्या घरातही ‘काही नाही गं आई’ चालू होतं. ते मला अजून टोचतं, म्हणून तुझ्याशी एवढी कडक बोलते आहे.

आण्णांचा संशय घे. १९८१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ झिंबार्डो यांनी काही विद्यार्थ्यांना संमोहित करून तात्पुरतं कमी ऐकू येईल असं केलं. त्यातल्या काहींना कारण लक्षात राहील असं केलं, काहींना नाही. शेजारी दोघं हसत बोलत होते. ज्यांना आपल्याला ऐकू येत नाही हे ठाऊकच नव्हतं, ती धडधाकट तरुण मुलं जास्त संशयी आणि चिडकी झाली. इथे तर ७७ वर्षांचा माणूस आहे. घरातली माणसं त्याच्याकडे बघून ओठ हलवतात, हसतात, आणि विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. घर विकताय असं त्याच्या मनात आलं तर मी त्याला दोष देणार नाही. आणि त्याला बंगळूरला पाठवायची बोलणी तर खरंच चालली आहेत की!

आण्णांना डिमेन्शिया नाहीच, असं मी म्हणत नाही. असेलही. न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी फाडू नको. पण मशीन कानात नसताना त्यांना त्या दारात उभं करू नको. डिमेन्शिया निघाला तर ऐकू येण्याची गरज आणखीच वाढते.

म्हणून एकच काम सांगते आणि ते याच आठवड्यात कर. डबा उघड. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घे, कधीकधी बराचसा अडथळा तोच असतो. मग मशीन घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा, नुसत्या विकणाऱ्याकडे नको. नवा ऑडिओग्राम, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढायला सांग, दोन वर्षांत कान बदललेला असू शकतो. शिट्टी म्हणजे मशीन बिघडलं असं नसतं. कानातला साचा सैल झाला की आतला आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. साचा नवा करून मिळतो, आवाज संगणकावर परत जुळवून देतात. बॅटरी त्या गोळीएवढ्या, रंगीत चिकटपट्टीच्या असतील तर पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाल, हवा लागल्यावरच ती पूर्ण जागी होते. आणि पट्टी काढली की वापरली नाही तरी ती संपत जाते, तेव्हा दोन वर्षांपूर्वीची त्यात असेल तर फेकून दे. मुंबईला कोणी असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामाची आहे, पण कोल्हापूरलाही तुला चांगला ऑडिओलॉजिस्ट मिळेल.

घरी आल्यावर पहिले काही दिवस शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, तास-दोन तास. मग वाढवत न्यायचं. मेंदूला विसरलेले आवाज परत ओळखायला काही आठवडे लागतात, कधी महिने. जेवणाचं टेबल आणि लग्नाचा हॉल शेवटी. आण्णा वैतागतील. वैतागू दे, पण काढून डब्यात टाकायचं नाही. खटकतं ते लिहून ठेव आणि परत जाऊन जुळवून आण. दोन-तीन फेऱ्या होणारच, पहिल्या फेरीत कोणाचंच बसत नाही.

आणि स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद कर. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात ज्याने काम केलं, त्याने समोरच्याच्या ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरूनच काम केलेलं असतं. ती विद्या त्यांच्याकडे आहे. समोर जा, उजेडात उभी राहा, तोंडावर पदर किंवा हात नको, आणि हळू, साधं बोल.

तुझ्या नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. ‘वय झालं’ म्हणून तो मोकळा होतो. तो स्वतः शेडमध्ये असतो की नाही, तू लिहिलं नाहीस, पण मागाच्या घरात मला तशी शंका येते. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, साध्या मागांची शेड ती ओलांडते. कानातल्या त्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आण्णांसोबत त्याचाही ऑडिओग्राम काढ. शेडमध्ये कानात बोळे घालायला त्याला लाज वाटत असेल तर त्याला वडिलांच्या खोलीत तासभर बसव. मुलीच्या इअरफोनचंही बघ, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढीच मुभा देते.

तू थकली आहेस, ते मला कळतं. एकच वाक्य चार वेळा ओरडून सांगणारं माणूस दिवसाच्या शेवटी पिळून निघतं. त्या थकव्यातला किती भाग आण्णांचा आणि किती त्या बंद डब्याचा, हे दोन-तीन महिन्यांनी तुला समजेल. तेव्हा मशीन घालून पुन्हा चाचणी करून घे, गुण मला कळव, आणि दिराचं त्यानंतर ठरव. तोपर्यंत बंगळूरचं तिकीट काढायचं नाही.

आणि हो, परवा जेवताना पोरगी कशावर हसली, ते आण्णांना अजून कोणी सांगितलेलं नाही. आज रात्री तिलाच त्यांच्यासमोर बसव आणि सांगायला लाव.

— मावशी