शिरोळच्या उन्हाला झेपेल अशी गाय

भावा, गोठा सुरू करतोयस, आनंद वाटला. पण बाजारात नुसतं ‘२५ लिटरची एचएफ’ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी गाय) ऐकून पैसे मोजू नकोस. जवळजवळ शुद्ध एचएफ आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तोंड उघडून धापा टाकते, वैरण सोडते, मुका माज करते (माजावर येते पण लक्षणं दिसत नाहीत), मग गाभ राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या शिरोळ भागात ५० ते ६० टक्के एचएफ रक्त पुरे. त्याच्या वर गेलं असेल तर पुढच्या खेपेला गीर किंवा साहिवाल या देशी जातीचं रेत भर. दूध थोडं उतरेल, पण फॅट चांगली लागेल आणि वासरू काटक निघेल. भाकड गायही वैरण खातेच, हवा तापवणारा मिथेन वायूही सोडतेच. वेळेवर विणारी, पाच-सहा वेतं टिकणारी गाय असली की दुधाच्या लिटरमागे वैरणही कमी लागते आणि मिथेनही कमी सुटतो.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरव, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. सोट (माजात गायीच्या निरणातून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, लोंबता हवा. गढूळ असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. उन्हाळ्यात माज रात्री जास्त दिसतो, म्हणून झोपण्याआधी गोठ्यात फेरी मारच.

रेतन झालं की रेताच्या कांडीवरचा (रेत भरलेल्या बारीक नळीवरचा) वळू क्रमांक लगेच वहीत लिही. नाहीतर उद्या कालवडीला तिच्याच बापाचं रेत भरलं जाईल, आणि हे आपल्याकडे फार होतं.

जमलं तर एक पंढरपुरी म्हैसही ठेव. आपल्याच भागातली जात, ऊन सोसते, कडब्यावरही दूध देते. घेताना मात्र दोन्ही वेळची धार समोर काढून बघ.